नेपरव्हिल सेंट्रलमध्ये मुलाला घालावे का? एका गणित शिक्षिकेचे सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. येत्या उन्हाळ्यात तुमची पुण्याहून शिकागोजवळच्या नेपरव्हिल या उपनगरात बदली होत आहे. मुलगा नुकताच स्टेट बोर्डाच्या शाळेतून आठवी झाला आहे, गणितात चांगला आहे आणि शाळेतर्फे पंधराशे मीटर पळतो. घर दाखवणारा दलाल म्हणतो की नेपरव्हिल सेंट्रल हायस्कूलच्या हद्दीतले घर मिळत असेल तर सोडू नका; ऑफिसातले एक सहकारी म्हणतात की तिथे खेळांचेच फार आहे, अभ्यासासाठी पलीकडच्या स्कूल डिस्ट्रिक्टमधली न्यूक्वा व्हॅली ही शाळा बघा. सरकारी शाळा, आणि तीही खेळांसाठी नावाजलेली, तेव्हा मुलाच्या अभ्यासाचे वाटोळे तर होणार नाही ना, ही तुमची खरी धास्ती आहे.

मी शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतील एका सार्वजनिक हायस्कूलमध्ये बावीस वर्षे गणित शिकवते आहे आणि त्यांपैकी नऊ वर्षे क्रॉस कंट्रीच्या, म्हणजे गवतावरून आणि चढउतारांवरून लांब पळण्याच्या खेळाच्या, संघाची साहाय्यक प्रशिक्षक होते. सेंट्रल ही माझी शाळा नव्हे, पण तिच्याशी आमच्या मुलांची गाठ मैदानावर नेहमी पडते. माझे मत आधीच सांगते. तुम्ही ज्या दोन शाळांमध्ये अडकला आहात, त्यांच्यातला फरक तुमच्या मुलाच्या दृष्टीने फार लहान आहे. ऑगस्टमध्ये नववीला बसताना तो गणिताच्या कोणत्या वर्गात बसतो आणि शाळा सुटल्यावर साडेतीन वाजता तो कोणाबरोबर असतो, हा फरक त्याहून कितीतरी मोठा आहे.

अर्थात काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुम्ही जुलैत पोहोचणार की ऑक्टोबरात, घर विकत घेणार की वर्षभर भाड्याने राहणार, मुलाचा स्वभाव अनोळखी मुलांत मिसळणारा आहे की बुजरा, बदली दोन वर्षांची आहे की कायमची, यांवर उत्तराचे तपशील बदलतील.

आधी 'सरकारी शाळा' या शब्दाने होणारा गैरसमज दूर करू. आपल्याकडे तो शब्द ऐकला की जिल्हा परिषदेची किंवा महापालिकेची शाळा डोळ्यांसमोर येते आणि ज्याला परवडते तो मुलांना खाजगी शाळेत घालतो. अमेरिकी उपनगरांत हे चित्र जवळजवळ उलटे आहे. इथली सार्वजनिक शाळा एका स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे ठरावीक भागातल्या शाळा चालवणाऱ्या स्वतंत्र संस्थेची असते, तिचा कारभार स्थानिक मतदारांनी निवडून दिलेले सात जणांचे बिनपगारी मंडळ पाहते, आणि आमच्या इलिनॉय राज्यात संपन्न डिस्ट्रिक्टांचा बहुतांश पैसा घरांवरील प्रॉपर्टी टॅक्समधून येतो. शाळेला फी नसते, हे खरे. पण ती फी तुम्ही घराच्या किमतीतून, टॅक्सातून किंवा घरभाड्यातून भरतच असता. म्हणून दलाल शाळेचे नाव आधी घेतो आणि स्वयंपाकघर नंतर दाखवतो.

आता इतिहास, कारण त्याशिवाय या शाळांचे निकाल आणि हद्दी दोन्ही समजत नाहीत. जोसेफ नेपर नावाच्या गृहस्थाने १८३१ मध्ये वसवलेले हे गाव १९५० सालीसुद्धा जेमतेम सात हजार वस्तीचे होते. गावाला एकच हायस्कूल होते आणि ते १९५० मध्ये सध्याच्या जागी, म्हणजे जुनी खाण पाण्याने भरून केलेल्या सेंटेनिअल बीच या पोहण्याच्या जागेजवळ आले. त्यानंतर जे झाले ते हिंजवडीच्या आसपास राहिलेल्या माणसाला लगेच समजेल. शिकागोतून पश्चिमेकडे जाणारा टोल रस्ता १९५८ मध्ये सुरू झाला, १९६६ मध्ये बेल लॅब्स या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेचे मोठे केंद्र इथे आले, आरगॉन ही राष्ट्रीय प्रयोगशाळा जवळ होतीच आणि थोड्याच काळात पश्चिमेला बटेव्हियात फर्मीलॅब ही भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. शेते विकली गेली आणि त्यांवर अभियंत्यांची व शास्त्रज्ञांची घरे झाली. लोकसंख्या १९७० मध्ये सुमारे तेवीस हजार, १९९० मध्ये पंच्याऐंशी हजार, २००० मध्ये एक लाख अठ्ठावीस हजार आणि २०२० च्या जनगणनेत जवळजवळ दीड लाख. पाचांत एकाहून थोडे अधिक लोक आशियाई वंशाचे आहेत. तुम्हाला शेजारी मराठी ऐकू येण्याची शक्यता बरीच आहे.

एका हायस्कूलला ही वाढ पेलणार नव्हती, म्हणून गावच्या स्कूल डिस्ट्रिक्टने, म्हणजे डिस्ट्रिक्ट २०३ ने, १९७५ मध्ये नेपरव्हिल नॉर्थ सुरू केले आणि जुनी शाळा 'सेंट्रल' झाली. पण गाव पश्चिमेला आणि दक्षिणेला ज्या शेतांवर पसरले, ती दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे इंडियन प्रेअरी २०४ मध्ये होती. त्या डिस्ट्रिक्टची वॉबॉन्सी व्हॅली १९७५ चीच, न्यूक्वा व्हॅली १९९७ ची आणि मीटिया व्हॅली २००९ ची. याचा व्यावहारिक अर्थ असा की पत्त्यावर 'नेपरव्हिल' लिहिलेले असणे आणि मुलगा नेपरव्हिल सेंट्रलला जाणे यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. एकाच रस्त्यावरची दोन घरे दोन डिस्ट्रिक्टांत असू शकतात, आणि लाईल किंवा बोलिंगब्रुक या शेजारच्या गावांचा पत्ता असलेली काही घरे २०३ मध्ये येतात. नवी शाळा उघडली किंवा पटसंख्या घसरली की हद्दी पुन्हा आखल्या जातात. त्यामुळे दलालाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. घराचा पूर्ण पत्ता डिस्ट्रिक्टच्या कार्यालयाला कळवा आणि लेखी उत्तर घ्या. भाड्याचे घर असले तरी मुलाचा हक्क तेवढाच असतो, फक्त भाडेकरार आणि वीज-पाण्याची बिले दाखवावी लागतात. वर्षभर भाड्याने राहून मग घर घेणे हा सल्ला मी बहुतेकांना देते.

जाता जाता नावांविषयी. सेंट्रलच्या संघाचे जुने नाव मूळनिवासींसाठी वापरल्या जाणाऱ्या एका अपमानकारक शब्दावरून होते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बदलून 'रेडहॉक्स' झाले. दुसरीकडे २०४ मधल्या तिन्ही हायस्कूलांची नावे पोटावाटोमी लोकांमधील व्यक्तींवरून आली आहेत. त्याच लोकांना १८३३ च्या शिकागो करारानंतर या जमिनीवरून मिसिसिपीच्या पलीकडे घालवण्यात आले. तुमचा मुलगा नववी-दहावीत इतिहासाच्या तासाला हे शिकेल तेव्हा घरी अवश्य बोला. आपल्या मुलांना वाटते की इथला इतिहास फक्त गोऱ्यांचा आहे.

आता अभ्यास. सेंट्रल आणि तिच्या डिस्ट्रिक्टची कीर्ती ज्या एका आकड्यामुळे जगभर झाली, तो नीट वाचायला शिका, म्हणजे बाकीचे आकडेही वाचता येतील. १९९९ मध्ये टिम्स या आंतरराष्ट्रीय गणित-विज्ञान चाचणीत ३८ देशांतील आठवीच्या मुलांची परीक्षा झाली. अमेरिकेतील काही राज्यांनी आणि डिस्ट्रिक्टांनी त्यात स्वतंत्रपणे भाग घेतला, त्यांत नेपरव्हिल २०३ होते. विज्ञानात या मुलांची सरासरी ५८४ आली, म्हणजे पहिल्या आलेल्या तैवानच्या ५६९ पेक्षाही अधिक. गणितात ५६९ आली आणि ती सहाव्या क्रमांकाची होती. त्याच चाचणीत अमेरिकेची गणिताची सरासरी ५०२ होती आणि शिकागो शहरातील सार्वजनिक शाळांची ४६२. शहर आणि हे उपनगर यांच्यात अंतर पंचेचाळीस किलोमीटरचे.

या आकड्यांत दोन सापळे आहेत. पहिला म्हणजे परीक्षा दिली होती आठवीच्या, म्हणजे ज्युनिअर हायच्या मुलांनी. सेंट्रल हायस्कूलच्या विद्यार्थ्यांनी नव्हे. दुसरा सापळा अधिक महत्त्वाचा आहे. एखाद्या शाळेची सरासरी शाळेतल्या शिकवण्याइतकीच त्या गावात कोण राहू शकते याचीही असते. ज्या गावात आई बेल लॅब्समध्ये आणि बाप फर्मीलॅबमध्ये, तिथल्या पोराला जेवणाच्या टेबलापाशीच भौतिकशास्त्र मिळते. म्हणून 'शाळा राज्यात कितवी' हे सांगणाऱ्या याद्या मी पालकांना बाजूला ठेवायला सांगते. शिवाय जुन्या आणि नव्या वर्षांची तुलनाही सरळ करता येत नाही: इलिनॉयमध्ये अकरावीची राज्यपातळीवरील परीक्षा २००१ पासून एसीटी ही कॉलेजप्रवेशासाठीही चालणारी परीक्षा होती, २०१७ पासून एसएटी ही तशीच दुसरी परीक्षा होती आणि २०२५ पासून पुन्हा एसीटी आली. वेगवेगळ्या फूटपट्ट्यांनी मोजलेली उंची एकाच भिंतीवर लिहिण्यात अर्थ नाही.

याचा अर्थ शाळा चांगली नाही असा मुळीच नाही. सेंट्रल, नॉर्थ, न्यूक्वा या तिन्ही ठिकाणी एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या अभ्यासक्रमांची मोठी यादी, अनुभवी शिक्षक आणि सुसज्ज प्रयोगशाळा आहेत, आणि न्यूक्वाचे संगीत तर राष्ट्रीय पुरस्कार मिळवलेले आहे. पण या पदार्थांतले तुमच्या मुलाच्या ताटात काय येणार, हे ठरते नववीच्या सुरुवातीच्या प्लेसमेंटवर, म्हणजे त्याला गणिताच्या कोणत्या वर्गात बसवले जाते यावर. इथे गणित शिडीसारखे असते: अल्जिब्रा वन, जॉमेट्री, अल्जिब्रा टू, प्रीकॅलक्युलस, कॅलक्युलस. नववीत अल्जिब्रा वनपासून सुरुवात केली तर बारावीत प्रीकॅलक्युलसपर्यंत पोहोचता येते. जॉमेट्रीपासून केली तर बारावीत एपी कॅलक्युलस. या उपनगरांत गणितात बरी असलेली पुष्कळ मुले आठवीतच अल्जिब्रा वन संपवून येतात.

आता तुमच्या मुलाचे पाहू. बालभारतीचे आठवीचे गणिताचे पुस्तक माझ्याजवळ आहे, कारण असे प्रश्न मला दरवर्षी येतात. त्यात बैजिक राशींचे अवयव, बहुपदींचा भागाकार, विस्तारसूत्रे, त्रिकोणांची एकरूपता, वर्तुळाची जीवा, चक्रवाढ व्याज असे सगळे आहे. म्हणजे अवयव पाडण्यात तो इथल्या नववीच्या मुलांना मागे टाकेल. पण इथल्या अल्जिब्रा वनचा कणा आहे रेषीय फल, आलेख आणि चढ. आणि आपल्याकडे चढ दहावीत शिकवतात. त्यामुळे अवयव पटापट पाडणारा मुलगा रेषेच्या समीकरणापाशी अडतो आणि प्लेसमेंटची चाचणी त्याला खालच्या पायरीवर ठेवते.

काही वर्षांपूर्वी नाशिकहून आलेला एक मुलगा माझ्यासमोर ही चाचणी देत होता. प्रश्न साधा होता: फोनच्या योजनेचे महिन्याला पंचवीस डॉलर आणि वर प्रत्येक जीबीला चार डॉलर, खर्चाचे समीकरण लिहा, सहा जीबीचा खर्च काढा आणि समीकरणातला ४ हा आकडा काय सांगतो ते वाक्यात लिहा. त्याने ४९ हे उत्तर तोंडी काढून चौकटीत लिहिले, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला. समीकरणाची जागा कोरी, वाक्याची जागा कोरी. मी नंतर मराठीत विचारले तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, उत्तर तर लिहिलंय ना." इथे उत्तराला एक गुण होता आणि उरलेल्या दोन जागांना दोन. त्याला अल्जिब्रा वन मिळाले, पहिले दहा आठवडे तो कंटाळला, आणि आलेखांचा भाग आला तेव्हा कंटाळ्याची सवय लागल्यामुळे तोही नीट केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने समर स्कूलमध्ये जॉमेट्री पूर्ण केली आणि गाडी रुळावर आली. पण ते वर्ष टाळता आले असते.

तेव्हा निघण्यापूर्वीचे दोन महिने मुलाला पुढच्या वर्षाचे पाठांतर करायला लावू नका. आलेखकागद घ्या, y = mx + b या रूपाची ओळख करून द्या (तुम्ही आपल्याकडे c म्हणत होता ते इथे b आहे, एवढ्यानेही मुले गोंधळतात), दोन चलांची समीकरणे आलेखाने सोडवू द्या, आणि प्रत्येक उत्तरानंतर त्याचा अर्थ एका पूर्ण इंग्रजी वाक्यात लिहायची सवय लावा. आलेख काढणारा कॅल्क्युलेटर इथे परीक्षेतही वापरतात, त्याला त्यात लाज वाटायला नको.

दुसरी सूचना गुणपत्रिकेची. एका शाळेत, कोणती ते सांगत नाही, भारतातून आलेल्या एका मुलीच्या गुणपत्रिकेवरचे ७२ टक्के हे इथल्या चालीप्रमाणे वाचले गेले. आपल्याकडे ते प्रथम श्रेणी. इथे सत्तरीच्या आतबाहेरचे गुण म्हणजे सी, अर्थात कसाबसा पास झालेला विद्यार्थी. त्या मुलीला सर्वांत सोप्या वर्गात टाकले आणि पालकांना ते दिवाळीत कळले. म्हणून गुणपत्रिकेबरोबर शाळेच्या लेटरहेडवर श्रेणीचा अर्थ, वर्गातले स्थान आणि वर्षभरात शिकवलेल्या घटकांची यादी इंग्रजीत घेऊन या, आणि काउन्सेलरला, म्हणजे मुलांचे विषय ठरवायला मदत करणाऱ्या शाळेतल्या मार्गदर्शकाला, प्लेसमेंटची लेखी चाचणी स्वतःहून मागा. वर्गांची नोंदणी आधल्या हिवाळ्यातच होते, उन्हाळ्यात काही वर्ग भरलेले असतात. जितक्या लवकर ईमेल कराल तितके बरे.

आणखी एक गोष्ट आपल्या पालकांच्या उशिरा लक्षात येते. आपल्याकडे नववीचे गुण कोणी पाहत नाही, सगळा भार दहावीच्या बोर्डावर. इथे बोर्डच नाही. नववीच्या पहिल्या सहामाहीपासूनची प्रत्येक श्रेणी कॉलेजला जाणाऱ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर उतरते. 'पहिले वर्ष रुळण्यात जाऊ दे' ही चैन परवडत नाही.

आता तुमच्या सहकाऱ्यांच्या आक्षेपाकडे येते, खेळांकडे. या शाळेत खेळांचे मोठे आहे, यात शंका नाही. अमेरिकी फुटबॉलचे राज्य अजिंक्यपद १९९९ आणि २०१३ मध्ये सेंट्रलने मिळवले. न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाला सुपर बोल ही देशातली अंतिम लढत जिंकून देणारे प्रशिक्षक शॉन पेटन याच शाळेचे विद्यार्थी. २००३ आणि २००४ मध्ये मुलींच्या बास्केटबॉल संघाने लागोपाठ राज्यस्पर्धा जिंकली तेव्हा संघात कँडेस पार्कर होती, जिने २००४ मध्ये देशभरातील निवडक हायस्कूल खेळाडूंच्या डंक (उंच उडी मारून चेंडू बास्केटमध्ये ठोकण्याच्या) स्पर्धेत मुलांना हरवले आणि पुढे दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवली. हे लिहिताना मला नेहमी आठवते की इलिनॉयमध्ये मुलींची बास्केटबॉलची राज्यस्पर्धाच मुळी १९७७ मध्ये सुरू झाली, शाळा-कॉलेजांत मुलींशी भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर. तिच्या आईच्या पिढीला हे दार बहुतांशी बंद होते.

पण सेंट्रलची खरी ओळख अशा चषकांत नाही, ती शारीरिक शिक्षणाच्या तासात आहे. इलिनॉयने शारीरिक शिक्षण पिढ्यानपिढ्या रोज सक्तीचे ठेवले होते. २०१७ मध्ये कायदा सैल होऊन आठवड्यातून किमान तीन दिवस असे झाले. बहुतेक ठिकाणी या तासाचे काय होत असेल ते तुम्ही आपल्या पी.टी.च्या तासावरून ओळखाल. नेपरव्हिलमध्ये फिल लॉलर या शिक्षकाने १९९० च्या दशकात वेगळे केले. त्याने मुलांच्या छातीला हृदयाचे ठोके मोजणारे पट्टे बांधले आणि गुण वेगाला न देता प्रयत्नाला देऊ लागला. त्याची एक गोष्ट प्रशिक्षक म्हणून मला फार शिकवून गेली: खेळात अगदी सुमार दिसणारी एक मुलगी संथ पळत असताना तिच्या पट्ट्यावर ठोके कमालीच्या मर्यादेजवळ होते. घड्याळाने तिला आळशी ठरवले असते. ठोके सांगत होते की ती वर्गातल्या सर्वांत कष्टाळू मुलांपैकी आहे.

पुढे सेंट्रलमध्ये 'झीरो अवर' सुरू झाला, म्हणजे पहिल्या तासाच्याही आधीचा व्यायाम. वाचनात मागे असलेल्या नववीच्या मुलांपैकी काहींनी पहाटे धावून मग वाचनाचा वर्ग केला. सत्राअखेर त्यांची प्रगती १७ टक्के आणि पहाटे न धावलेल्यांची १०.७ टक्के भरली. गट लहान होता, मुले स्वेच्छेने आली होती, आणि पहाटे उठायला तयार असणारा मुलगा मुळातच वेगळा असतो, त्यामुळे यावरून धावण्याने वाचन सुधारते असा नियम मी काढणार नाही. पण आमच्याच शाळेत मी पाहिले आहे की सकाळी घाम गाळून आलेला वर्ग पहिल्या वीस मिनिटांत अधिक जागा असतो. त्या वीस मिनिटांसाठी मी बरेच काही देईन.

खेळ आणि अभ्यास यांचे नाते इथे आपल्यापेक्षा नेमके उलटे आहे, हे तुमच्या सहकाऱ्यांना सांगा. महाराष्ट्रात राज्यपातळीवर खेळलेल्या मुलाला दहावी-बारावीत क्रीडागुण मिळतात, म्हणजे खेळ गुणांना हातभार लावतो. इथे अभ्यास खेळण्याची परवानगी देतो. इलिनॉय हायस्कूल असोसिएशनच्या नियमाप्रमाणे खेळाडूने दर आठवड्याला साधारण पाच विषयांत उत्तीर्ण असावे लागते. शाळा दर आठवड्याला यादी तपासते, आणि नापास असेल तर तो शनिवारी स्पर्धेत उतरत नाही. माझ्या नऊ वर्षांत गृहपाठ वेळेवर करवून घेणारी माझ्या हातातली सर्वांत प्रभावी गोष्ट हीच होती. आईवडिलांनी सांगून न ऐकणारा मुलगा संघाच्या कर्णधाराने डोळे वटारले की त्याच रात्री निबंध लिहून आणतो.

म्हणूनच तुमच्या मुलाने क्रॉस कंट्रीत जावे, असे मी आग्रहाने सांगते. बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, सॉकर यांत निवडचाचणी असते आणि अडीच हजारांच्या आसपास मुले असलेल्या शाळेत मोजक्या जागांसाठी लहानपणापासून क्लबात खेळलेली मुले उभी असतात. क्रॉस कंट्री आणि ट्रॅकमध्ये बहुधा कोणालाही वगळत नाहीत. याच परगण्यातल्या एल्महर्स्टच्या यॉर्क हायस्कूलचे दिवंगत प्रशिक्षक जो न्यूटन यांनी २८ राज्य अजिंक्यपदे मिळवली ती शंभराहून अधिक मुलांचा संघ ठेवून. पहिल्यापासून शेवटच्या धावपटूपर्यंत प्रत्येकाला ते नावाने ओळखत. आमच्या भागात ती परंपरा सगळ्या शाळांनी उचलली आहे. न्यूक्वाच्या मुलांनी तर २००७ मध्ये राष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. पंधराशे मीटर पळणाऱ्या मुलाला तीन मैलांची सवय व्हायला एक हंगाम लागेल, पण शाळेचा पहिला दिवस उजाडेल तेव्हा त्याला तीस-चाळीस जण नावाने ओळखत असतील. जेवणाच्या सुट्टीत ट्रे हातात घेऊन कोणत्या टेबलावर बसायचे हे न सुचलेला नवा मुलगा मी दर ऑगस्टमध्ये पाहते. संघातल्या मुलावर ती वेळ येत नाही. मुलगा पुढे पळण्याचा कंटाळा करू लागला तरी हरकत नाही, त्याच असोसिएशनच्या राज्यस्पर्धा बुद्धिबळाच्या आणि वादविवादाच्याही असतात. क्रिकेट मात्र त्या यादीत नाही, ते रविवारी मंडळाच्या मैदानावर.

खेळातून कॉलेजची शिष्यवृत्ती मिळेल हा हिशेब कृपया करू नका. ती फार थोड्यांना मिळते आणि तो हिशेब मुलाला कळला की पळण्यातली मजा जाते.

तर सेंट्रल की न्यूक्वा? दोन्हीकडे तुमचा मुलगा चांगला शिकेल. संगीताची ओढ असती तर मी न्यूक्वाकडे किंचित झुकले असते; शहराच्या जुन्या भागात, चालत वाचनालयात जाता येईल असे घर परवडत असेल तर सेंट्रलकडे. घरापासून शाळा इतकी जवळ हवी की संध्याकाळी सरावानंतर तो स्वतः घरी येऊ शकेल, कारण पहिल्या वर्षी तुमच्याकडे एकच गाडी असेल आणि ती ऑफिसात असेल. ही गोष्ट शाळेच्या क्रमांकापेक्षा तुमच्या रोजच्या आयुष्यात जास्त मोजली जाईल.

आता कामांचा क्रम. घराचा पत्ता ठरण्यापूर्वी दोन्ही डिस्ट्रिक्टांकडून हद्दीची खात्री करा. पुण्याहूनच काउन्सेलरला गुणपत्रिका आणि घटकांची यादी पाठवून गणिताच्या चाचणीची तारीख मागा. विमानाचे तिकीट जुलैच्या अखेरचे काढा, ऑगस्टच्या अखेरचे नको, कारण क्रॉस कंट्रीचा सराव शाळा भरण्याआधीच, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो. नववीच्या प्रवेशासाठी इलिनॉयच्या ठरलेल्या नमुन्यावर वैद्यकीय तपासणी लागते आणि संघात उतरण्यासाठीही तपासणी आवश्यक असते. एकच तपासणी दोन्हीला चालते, मात्र संघासाठी ती ३९५ दिवसांपेक्षा आणि प्रवेशासाठी एका वर्षापेक्षा जुनी नसावी. पुण्यातल्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र इथे मान्य होईल असे गृहीत धरू नका, पण लसीकरणाची मूळ नोंदवही हातातल्या बॅगेत ठेवा. आपल्याकडच्या मुलांच्या नोंदीत टीडॅप (धनुर्वात, घटसर्प आणि डांग्या खोकल्याची लस), कांजिण्या किंवा मेनिंजायटिसची लस बऱ्याचदा नसते, आणि ऑगस्टमध्ये डॉक्टरांची वेळ मिळायला दोन आठवडे लागतात.

पळण्याचे बूट इथे आल्यावरच घ्या. पुण्यातून आणलेली नवी जोडी त्याला इथल्या गवतावर आणि चढांवर पहिल्याच आठवड्यात टोचेल.